रेंज येते का रेंज?

ऑफिसचं वाय-फाय पाच मिनिटं गेलं की आपला जीव वरखाली होतो. पण ज्या गावात ते कधी आलंच नव्हतं, तिथल्यांचं काय? पालघरच्या सात गावांत आयआयटीच्या मंडळींनी केलेल्या एका भन्नाट प्रयोगाची ही गोष्ट... आणि थोडीशी माझ्या माकुणसारचीही!

शुक्रवारची रात्र. डहाणू लोकल सफाळ्याला थांबते, गर्दी तुम्हाला उतरवते (आपण स्वतः कधी उतरत नाही, हे लोकलवाल्यांना सांगायला नको!), बाहेर शेअर रिक्षा मिळते आणि थोड्याच वेळात माकुणसार. नारळाच्या वाड्या, खाडीवरून येणारा खारट वारा, ओट्यावर जागी बसलेली आजी. एकदम कॅलेंडरवरचं चित्र. आणि अशा वेळी मी काय करतो? बॅग खाली टाकतो, खिशातून मोबाइल काढतो आणि हात वर करून अंगणात गोल गोल फिरायला लागतो. आजीला वाटत असणार, नातू नोकरीपायी कामातून गेला.

रेंज शोधणं हा आमच्याकडचा जुना खेळ. प्रत्येक घराची एक ठरलेली जागा असते. कुणाची गच्चीचा कोपरा, कुणाची गोठ्यामागची पायवाट. आमची विहिरीच्या कठड्याजवळ, पिंपाच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला सरकलात की गेली! पाहुणे आले की आम्ही आधी पाणी देतो, मग ही जागा दाखवतो.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि हा खेळ एकाएकी खेळ राहिला नाही. भाड्याच्या खोलीत एकट्यानं कोंडून घेण्यापेक्षा मी गाव गाठलं होतं. वर्क फ्रॉम होम, तेही नारळाच्या सावलीत... मित्र जळत होते. पण पंधरा दिवस राबून केलेलं प्रेझेंटेशन चौथ्या स्लाइडवर गोठलं. सगळ्यांच्या स्क्रीनवर माझं उघडं तोंड तेवढं राहिलं. मी विहिरीभोवती धावत होतो, तेवढ्यात उरलेल्या स्लाइड्स दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवल्या. शाबासकीही अर्थात त्यालाच!

पण माझं सोडा. माझी पुतणी तेव्हा दहावीला होती. तिचा बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, बोईसर एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत. लॉकडाऊनमध्येही शिफ्ट चालू. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो त्याच्याबरोबर कंपनीत. रात्री आठला फोन घरी यायचा. मग सकाळच्या तासाचे व्हिडिओ डाउनलोडला लावायचे आणि विहिरीपाशी टॉर्च घेऊन बसायचं. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, त्यामुळे ती पास झाली. पुढे तिनं कॉमर्स घेतलं. तिला विज्ञान आवडायचं. मग का सोडलं, असं मी तिला बरेच दिवस विचारलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. गावात इंटरनेट येणं आणि गावात इंटरनेट टिकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का? आणि गंमत बघा, या प्रश्नावर जगभर नाव झालेलं संशोधन अमेरिकेत नाही, बंगळुरूत नाही, आमच्याच तालुक्यात झालंय. रुळांच्या पलीकडे!

सगळं आमच्यातूनच जातं

पालघरची ओळख काय? मुंबई-अहमदाबाद जाताना खिडकीतून दिसतं ते! इथून सगळं 'जातं'. पश्चिम रेल्वे जाते. हायवे जातो. बुलेट ट्रेनचा मार्ग इथूनच जातो. तारापूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथली वीज तारांवरून दूरदूर जाते आणि त्याच तारांखालच्या कितीतरी पाड्यांना ती मिळायला पुढे वर्षानुवर्षं लागली. सूर्या नदीवरच्या धरणाचं पाणी वसई-विरारच्या नळाला जातं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. तरी जाण्याची ही सवय काही मोडली नाही.

इंटरनेटचंही तेच. रेल्वेच्या रुळांच्या कडेनं ऑप्टिकल फायबर जमिनीखालून धावतं. म्हणजे तुमचे ईमेल, तुमचे सिनेमे, तुमच्या मीटिंगा आमच्या पायाखालून सुसाट जात असतात. पण फायबर रुळांशी असून काय उपयोग? तिथून पाच-दहा किलोमीटर आत, टेकडीमागच्या पाड्यापर्यंत ते न्यायचं कुणी? प्रत्येक घरापर्यंत खणत जायचं तर खर्च डोळे पांढरे करतो. कंपनीनं टॉवर लावावा, तर गिऱ्हाईक थोडं आणि तेही महिन्याला शे-दोनशे रुपये देणारं. हिशेब बसत नाही. मग गाव राहतं वाट बघत.

या शेवटच्या टप्प्याला संशोधक 'मिडल माइल' आणि 'लास्ट माइल' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हायवे झाला, पण फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ताच नाही!

हळदीचा डीजे आणि दूरदर्शनची रिकामी खोली

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच फाटा पकडला. प्रकल्पाचं नाव 'ग्राममार्ग'. जागा निवडली पालघर तालुक्यातली सात गावं. खामलोली, मासवण, धुकटण, बहाडोली ही त्यांतली काही. हो, बहाडोली म्हणजे तेच, ज्याच्या टपोऱ्या जांभळांना पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. टेकड्या, नदी, दाट झाडी, विखुरलेले पाडे. इंटरनेट पोचवायला इतकी अवघड जागा शोधूनही सापडणार नाही, आणि म्हणूनच प्रयोगाला एकदम फिट!

युक्ती काय होती, ते सांगतो. पण आधी एक प्रश्न. तुम्ही आमच्याकडच्या हळदीला कधी आलायत? नसाल आलात, तरी शेजारच्या गावातली हळद ऐकली असेलच. गाण्याचे शब्द कळत नाहीत, बाई गातेय की बुवा तेही कळत नाही. पण तो धम्-धम्-धम् दोन गावं ओलांडून, भिंतीतून, उशीतून थेट छातीत येतो. का? बारीक, वरच्या पट्टीतला आवाज वाटेतल्या झाडा-भिंतींत अडकतो. जाडा, खालच्या पट्टीतला आवाज वळसे घालत पुढे जातो.

रेडिओ लहरींचंही साधारण तसंच. आपलं वाय-फाय वरच्या पट्टीत गातं, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास. लांबवर न्यायचं तर दोन अँटेना एकमेकींना समोरासमोर दिसाव्या लागतात. मध्ये आंब्याचं एक झाड आलं तरी बोंब! याउलट टीव्हीच्या लहरी. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीत. त्या झाडीतून वाट काढतात, लांब जातात. आठवतंय ना, कौलावरची ती माशाच्या काट्यासारखी अँटेना? मुंबईचा टॉवर कुठे आणि आमचं घर कुठे, तरी रविवारचा सिनेमा दिसायचाच. अधूनमधून मुंग्या यायच्या, ते सोडा!

आता या पट्टीत टीव्हीच्या पंधरा वाहिन्यांपुरती जागा आहे. परदेशात ती खासगी चॅनेल्सनी भरलेली असते. आपल्याकडे मात्र जमिनीवरच्या टॉवरवरून फक्त दूरदर्शन दिसायचं. बाकी सगळे केबल आणि डिशवर गेले. मग पंधरा खोल्यांच्या या वाड्यात राहतंय कोण? आयआयटीच्या संशोधकांनी दूरदर्शनच्या ट्रान्समीटरांची माहिती घेऊन देशभराचा हिशेब मांडला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. उत्तर थक्क करणारं होतं. देशात कुठेही जा, पंधरापैकी किमान बारा वाहिन्यांची जागा मोकळी! या मोकळ्या जागेला म्हणतात 'टीव्ही व्हाइट स्पेस'.

झालं! सरकारकडून प्रायोगिक परवाना घेऊन मंडळी कामाला लागली. मध्यवर्ती ठिकाणी उंच अँटेना, आसपासच्या गावांत ती लहर पकडणारे डबे, आणि डब्यापासून पुढे साधं वाय-फाय. तुमच्या हातात कुठलाही स्वस्तातला मोबाइल असो, पंचायतीच्या ओट्यावर किंवा शाळेपाशी बसा आणि नेट लावा. नवा फोन नको, काही नको. २०१६ मध्ये या अनुभवावरचा त्यांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. 'अब्जाहून अधिक लोकांसाठी ब्रॉडबँड' असा त्याच्या शीर्षकाचा रोख. अब्जावधींच्या गोष्टीची सुरुवात खामलोलीत! कॉलर ताठ करायला हरकत नाही, काय?

टॉवर उभा राहिला... पुढे?

इथपर्यंतची गोष्ट इंजिनिअरांची. पण खरी गंमत यापुढे आहे. कारण खेड्यात मशीन उभं करणं अवघड नसतंच मुळी. उद्घाटनाचा नारळ फुटतो, फोटो निघतो, साहेब निघतात. तीन महिन्यांनी पावसात बॅटरी जाते. मग फोन कुणाला करायचा? फोन करायला रेंज कुठाय?

'ग्राममार्ग'मध्ये अँटेनावाल्यांच्या जोडीला सरबानी बॅनर्जी बेलूर यांच्यासारखे गावकऱ्यांच्या बाजूनं नेटकडे बघणारे संशोधकही होते. नेटवर्क मालकीचं कुणाच्या? दुरुस्ती कोण करणार? पैसे कसे फिरणार? पंचायत कार्यालयात वाय-फाय लावलं, तर बायका तिथे जाऊन बसतील का? हे प्रश्न मेगाहर्ट्झपेक्षा अवघड! त्यांतून जे उत्तर निघालं, त्यात तीन भागीदार होते. सरकार, खासगी कंपनी आणि पंचायत. सरकारचं फायबर, कंपनीची सेवा आणि गावातल्या जाळ्यात गुंतवणूक पंचायतीची. रोजचं काम बघायला गावातलाच एखादा तरुण किंवा तरुणी. तिनं जोडण्या द्यायच्या, पैसे गोळा करायचे, डबा बिघडला तर शिडी लावून वर चढायचं. कमाई गावात, जबाबदारीही गावात.

मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलानं 'इक्वल रेटिंग' नावाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस दिलं. सव्वा लाख डॉलर! पुढे सात गावांची पंचवीस झाली. करंदीकर २०१८ मध्ये आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव. त्यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं गावांसाठी जी काटकसरी ५जी रचना मांडली, त्यातून २०२४ मध्ये आयईईई या जागतिक संस्थेचं '२०६१' हे मानक तयार झालं. कल्पना सोपी आहे. लांब पल्ल्याचा एक मोठा टॉवर सगळ्या परिसराला जोडून ठेवील आणि जिथे वस्ती दाट, तिथे स्वस्त वाय-फाय वेग देईल. शहरात धावत्या गाडीतही नेट लागतं, म्हणून तिथलं जाळं महाग. खेड्यातला माणूस बहुतेक एका जागी बसून नेट वापरतो. मग वेगाच्या गाडीचे पैसे त्यानं का भरावेत?

वारणेचा कॉम्प्युटर, हरिसालचा व्हिडिओ

आता तुम्ही म्हणाल, असे प्रयोग छप्पन्न होतात. बरोबर! आणि महाराष्ट्रात तर फार आधीपासून झालेत. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांत कॉम्प्युटर पोचले. 'वायर्ड व्हिलेजेस'! तेव्हा आपल्यातल्या अनेकांच्या शाळेतही कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेला असायचा. शेतकरी कॉम्प्युटरवर जगाचे बाजारभाव बघणार, शेतीचा सल्ला घेणार, अशी स्वप्नं होती.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातली मंडळी बघायला आली. काय दिसलं? शेतकरी कॉम्प्युटर वापरत होते, पण मुख्यतः एकाच कामासाठी. आपला ऊस किती गेला, बिल किती झालं, खत किती मिळणार! एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला? सात गावांत त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवला. स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला! नवी टेक्नॉलॉजी काढून तिच्याहून साधी आणली आणि काम सुधारलं. आपल्या आयटीवाल्यांनी हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

त्या गटातले केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये 'गीक हेरसी' हे पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. टेक्नॉलॉजी म्हणजे लाउडस्पीकर. गाणारा सुरात असेल तर सूर मोठा होतो, बेसूर असेल तर बेसूर. शाळेत शिकवणारे गुरुजी चांगले असतील तर टॅब्लेटनं शिकवणं आणखी रंगेल. गुरुजीच नसतील तर टॅब्लेट काय करणार?

याचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेळघाटातलं हरिसाल. २०१६ च्या सुमाराला राज्याचं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून त्याचा गवगवा झाला. तिथेही हीच व्हाइट स्पेसची लहर वापरायचं ठरलं होतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत 'लाव रे तो व्हिडीओ' म्हणत त्याच हरिसालची दुसरी बाजू पडद्यावर दाखवली. राजकारण बाजूला ठेवू. पण एक गोष्ट तेव्हा सगळ्या राज्याला कळली. डिजिटल गावाचं उद्घाटन एका दिवसात होतं, परीक्षा मात्र तीन वर्षांनी होते.

मग जिओ आलं...

प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि सगळा खेळच बदलला. डेटा पाण्याच्या भावात! ज्या गावात टॉवर पोचला, तिथे पंचायतीच्या वाय-फायपाशी कोण जाऊन बसणार? आमच्याकडेही बरंच सुधारलं. आजकाल पिंपाच्या उजव्या हातालाही एखादी काडी येते. मग विचारायला नको का, की पंचायतीच्या जाळ्याची गरजच उरली का?

माझं उत्तर, उरली. कारणं तीन.

एक. टॉवर कुठे लावायचा, हे गिऱ्हाईक बघून ठरतं. टेकडीमागचा तीस घरांचा पाडा त्या हिशेबात बसत नाही, आज नाही आणि उद्याही नाही.

दोन. पाण्याचा भाव कायम पाण्याचा राहत नाही. २०२४ च्या जुलैत कंपन्यांनी एकापाठोपाठ एक रिचार्ज महाग केले. आपल्याला दोन कॉफी कमी प्याव्या लागल्या. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात मात्र अशा वेळी एक सिम बंद होतं. कुणाचं बंद होतं, सांगायला हवं? बाईचं किंवा मुलीचं.

तीन. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गावात रेंज आहे म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हातात नेट आहे, असं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांना आणि पुरुषांना विचारलं होतं, आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलंय का? पुरुष निघाले ५७ टक्के. बायका ३३ टक्के! म्हणजे तीनपैकी दोघींनी तेव्हा एकदाही नाही. फोन असतो, पण तो बापाचा असतो, नवऱ्याचा असतो, भावाचा असतो. माझ्या पुतणीचा कुठे होता?

टिकणं म्हणजे काय असतं?

'सस्टेनेबल' हा शब्द आपण ऑफिसात उठता-बसता वापरतो. कागदी कप आले की सस्टेनेबल, ईमेलखाली 'प्रिंट काढू नका' लिहिलं की सस्टेनेबल! खामलोलीच्या गोष्टीतून मला त्याचा साधा अर्थ कळला. पाहुणे निघून गेल्यावरही जे चालतं, ते टिकाऊ.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पैसा, वीज आणि माणूस. पैसा म्हणजे अनुदान संपल्यावरही महिन्याचा खर्च निघायला हवा. वीज म्हणजे जूनच्या पहिल्या वादळात तार तुटली तरी डबा चालू राहायला हवा. इथे कमी वीज खाणारं, बॅटरीवर आणि उन्हावर चालणारं साधं यंत्र भारी यंत्राला मागे टाकतं. आणि माणूस म्हणजे शिडी लावून वर चढणारा. तो मुंबईहून येणार असेल तर विसरा! सफाळ्याहून येणार असेल तर उद्या येईल. गावातला असेल तर जेवण अर्धवट टाकून येईल, कारण त्याच्याच बायकोची मालिका अडकलेली असते.

जगात हे कुठे जमलंय का? जमलंय. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ मध्ये काही खेडुतांनी कंपन्यांची वाट बघायची सोडून स्वतःच छपरांवर अँटेना बांधायला सुरुवात केली. त्याचं नाव गुइफी. आज त्या जाळ्यात तीस हजारांच्या वर ठिकाणं आहेत आणि जाळं कुणा एकाच्या मालकीचं नाही. गावाची विहीर किंवा गावाचं तळं असावं, तसं गावाचं इंटरनेट! अशा सामायिक गोष्टी गावकरी नीट नियम करून पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशी जाळी अभ्यासणारे आजही त्यांचाच आधार घेतात. आणि सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पाणीवाटप संस्था चालवणाऱ्या महाराष्ट्राला हे नवं का वाटावं?

आपल्याकडेही दारं थोडी थोडी उघडतायत. २०११ मध्ये मंजूर झालेली ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याची योजना पुढे 'भारतनेट' झाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या सुधारित रूपाला केंद्रानं १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात घराघरांत जोडणी द्यायला आणि ती सांभाळायला गावातलाच उद्योजक नेमायची कल्पना आहे. ओळखीची वाटते ना? २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झची मोठी पट्टी विनापरवाना खुली झाली. म्हणजे गावातल्या गावात वाय-फायची जाळी टाकायला लायसन्सची भानगड उरली नाही. राहिली ती टीव्हीची मोकळी खोली. ती मात्र प्रयोगांपलीकडे गावांसाठी सरसकट उघडली गेली नाही. पंधरातल्या बारा खोल्या रिकाम्या आणि दाराला कुलूप!

चौकट
गावी जाताय? मग एवढं कराच!

पंचायतीत डोकवा. भारतनेटचा डबा आलाय का? आलाय तर चालू आहे का? त्यावर कॅलेंडर टांगलेलं असेल, तर ग्रामसभेत विचारा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा असते. सुट्टीच असते, जाऊन बसा!

दुकानदाराशी बोला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेत किराणावाला किंवा चहावालाही लायसन्सशिवाय वाय-फायची छोटी छोटी पाकिटं विकू शकतो.

जुना फोन ड्रॉवरमध्ये कुजवू नका. साफ करा, नवी बॅटरी टाका आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलीला द्या. 'घरासाठी' नाही, 'तिला'. हा फरक मोठा आहे.

हात वर

गेल्या गणपतीत माकुणसारला गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, भजनाची मंडळी यायला वेळ होता. मी सवयीनं विहिरीपाशी जाऊन उभा. पुतणी तिथेच बसली होती, आता स्वतःच्या फोनवर. पहिल्या पगारातून घेतलेला, आजीला तीन वेळा दाखवून झालेला. म्हटलं, आता विचारूनच टाकू.

"सायन्स का सोडलंस गं तेव्हा? व्हिडिओ तर रात्री सगळे मिळत होते की."

ती हसली. म्हणाली, "काका, व्हिडिओ मिळायचे. पण नाही कळलं तर विचारायचं कुणाला? शंका असली तर तास चालू असताना हात वर करायला लागतो ना."

मी काहीच बोललो नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, प्रश्न वेगाचा आहे, डेटाचा आहे, मेगाहर्ट्झचा आहे. सगळे धडे तिला मिळाले होते, फक्त बारा तास उशिरा. आणि तेवढ्यात वर्ग रिकामा झालेला असायचा.

आतून आजीची हाक आली, "रेंज आली का रे?"

माझा हात अजून वरच होता. आली होती, चांगल्या चार काड्या. मी फोन खिशात टाकला आणि ओट्यावर जाऊन बसलो. पुढच्या ग्रामसभेची तारीख काय आहे, ते पुतणीनं तिच्या फोनवर बघून सांगितलं.